चार वाटे कंद, एक वाटा मांस

नोव्हेंबर सरत आला की लिव्हरपूलमध्ये दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. मर्सी नदीच्या मुखाकडून येणारा वारा ओला असतो, अंगात शिरतो. याच दिवसांत भाजीच्या दुकानांची दर्शनी बाजू पालटते. टोमॅटो, काकड्या मागे सरकतात आणि पुढे मांडले जातात मातीने माखलेले कंद: बटाटे, जाडजूड गाजरं, जांभळ्या खांद्यांची सलगमं, त्यांच्याहून थोराड आणि आतून पिवळे असे स्वीड, हस्तिदंती रंगाचे निमुळते पार्सनिप. कडाक्याची थंडी पडली की पार्सनिपमधल्या स्टार्चची साखर होऊ लागते, म्हणून जुनी माणसं त्यासाठी हिमाची वाट बघतात. सगळं जमिनीखालचं, टिकाऊ आणि स्वस्त. या शहराचं हिवाळ्यातलं जेवण या ढिगापासून सुरू होतं.

त्या जेवणाचं नाव स्काउस. बीफ किंवा मेंढीचं मटण, बटाटे, गाजर, कांदा, मीठ, मिरी, पाणी आणि दोन-तीन तासांची मंद आच. लिव्हरपूलच्या माणसाला सारं इंग्लंड स्काउसर म्हणतं ते या पदार्थावरून. मूळचं हे उत्तरेकडच्या समुद्रांवरच्या खलाशांचं खाणं. हॅम्बुर्गमध्ये लाबस्काउस मिळतं. तिथे खारवलेलं बीफ, बटाटा आणि बीट ठेचून वर तळलेलं अंडं ठेवतात. नॉर्वेत लापस्काउस होतं. बटाटा बोटीवर रुळण्याआधी खलाशी रस्सा दाट करायला कडक जहाजी बिस्किटं फोडून घालत. बंदरात उतरलेल्या खलाशाबरोबर हा पदार्थ गोदी कामगारांच्या घरांत शिरला आणि तिथेच राहिला.

मला या पदार्थाबद्दल सांगायचं आहे ते एकच: त्याचा जीव कंदांत आहे. हल्ली स्ट्यूच्या छापील पाककृतींत किलोभर मांसाला दोन गाजरं आणि तीन बटाटे सांगितलेले असतात. तसा स्ट्यू चविष्ट होतो, पण गरिबाच्या घरात तो कधीच शिजला नसता. खरं प्रमाण हवं असेल तर एका जुन्या हिशेबाकडे जावं लागतं. सर फ्रेडरिक ईडन यांनी 1797 मध्ये इंग्लंडमधल्या गरिबांच्या स्थितीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुठल्या भागात मजूर काय कमावतो, काय खातो, याच्या बारीकसारीक नोंदी त्यात आहेत. लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या खर्चात स्काउससाठी आणलेलं सामान लिहिलेलं आहे: 101 पौंड बीफ, 420 पौंड बटाटे, 28 पौंड कांदे. आजच्या मापात साधारण 46 किलो मांस, 190 किलो बटाटे आणि 13 किलो कांदे. मांसाच्या एका वाट्याला बटाट्याचे चार वाटे.

या आकड्यांत मला रांधणाऱ्यांची पक्की जाण दिसते. मांस चव देतं, त्यातला चिकटपणा रश्श्याला अंग देतो आणि पोट भरतं ते बटाट्याने. अर्धा किलो मटणात आल्यागेल्यासकट सगळ्यांच्या ताटात रस्सा पोचवणाऱ्या आपल्याकडच्या बायका याच तोलाच्या जाणकार. अशा स्वयंपाकाची नोंद सहसा होत नाही, कारण तो करणाऱ्यांच्या हाती लेखणी नसते आणि लेखणी असणाऱ्यांना तो नोंदण्याजोगा वाटत नाही. म्हणूनच शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मला मोलाचं वाटतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यांनी लिहून ठेवलं. मोठ्याचं मांस, ते उन्हात वाळवून केलेल्या चान्या, तेल-तुपाशिवाय, हाताशी असेल त्यात भागवलेलं कालवण, हे सगळं त्यामुळे मराठीत कागदावर आलं. लिव्हरपूलच्या त्या हिशेबाचं मोल मी पाटोळ्यांच्या पुस्तकामुळे अधिक ओळखू शकले.

बीफ आणि कंद एका पातेल्यात आले त्यामागे शेतीही आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर अशी चार पिकांची फेरपालट पसरली. सलगम ही जनावरांची हिवाळ्याची वैरण. ती खाऊन जनावरं थंडी काढत आणि त्यांचं शेण पुन्हा त्याच जमिनीत जाई. नॉरफोकच्या लॉर्ड टाउनशेंड यांनी या पिकाचा इतका पाठपुरावा केला की लोक त्यांना ‘टर्निप’ टाउनशेंड म्हणू लागले. बटाट्याची शेती इंग्लंडमध्ये आधी रुजली ती लिव्हरपूलच्या आसपासच्या लँकशायरमध्ये. पातेल्यात जे एकत्र शिजतं, ते आधी शेतात शेजारी शेजारी वाढलेलं असतं.

स्काउस ज्या बोटींवरून आला त्या जगाशी आपल्या किनाऱ्याचंही नातं आहे. माझं माहेर रत्नागिरीकडचं. अमक्याचे आजोबा बोटीवर होते, हे वाक्य आमच्याकडे घरोघरी ऐकू येई. वाफेच्या जहाजांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींच्या डेकवर कोकणातले मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने असत, तर स्वयंपाकघर आणि जेवणघर गोवेकर सांभाळत. सारंग, टिंडल हे हुद्दे इंग्रज कप्तानांच्याही तोंडी बसले होते. खलाशांचा भंडारी वेगळा. तो त्यांच्यापुरतं भात, डाळ, कालवण रांधायचा. साहेबांच्या पानात पडणारे रोस्ट आणि स्ट्यू गोवेकरांच्या हातचे असत. एक बोट सोडल्यावर दुसरी मिळेपर्यंत हे गोवेकर मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या क्लबांत, मुक्काम करत. मी इथे स्काउस ढवळते तेव्हा ज्यांची नावं कुठल्याही पाककृतीवर नाहीत अशा या स्वयंपाक्यांचंही ऋण मानते.

आता पातेल्याकडे वळू. सहा माणसांसाठी अर्धा किलो मांस, दीड किलो बटाटे, अर्धा किलो गाजर आणि स्वीड मिळून, दोन मोठे कांदे. वाट्यांचा हिशेब जुळला. मांस पिंढरीचं किंवा खांद्याचं मागावं. ज्या भागांनी जनावराचं वजन पेललं, त्याला चालवलं, तिथे कोलॅजनचे पदर दाट असतात. झटपट भाजून खायला हे मांस चिवट, म्हणून स्वस्त. पण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे कोलॅजन हळूहळू सुटू लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. ओठांना किंचित चिकटणारा जो रस्सा आपल्याला आवडतो, तो त्यामुळे. पातेलं खळाखळा उकळत ठेवू नये. स्नायूंचे धागे आकसून पाणी सोडतात आणि मांसाचा चोथा होतो. पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच हवी.

तुकडे मोठे ठेवावेत, पुसून कोरडे करावेत आणि कडकडीत तापलेल्या चरबीत थोडे थोडे टाकून गडद तांबूस भाजावेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1840च्या दशकात असं मांडलं की बाहेरून कवच धरलं की मांसाचा रस आत कोंडला जातो. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक्यांनी ते खरं मानलं, पण तसं होत नाही. भाजताना चरचर ऐकू येते तो मांसातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आवाज. भाजायचं ते चवीसाठी. साधारण 140 अंशांच्या पुढे मांसातली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यात जी क्रिया वेगाने घडते, तिचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये केलं. नुसत्या उकळत्या पाण्यात तेवढं तापमान मिळत नाही, म्हणून हे काम आधी उरकावं लागतं. लीबिग यांच्या नावाने निघालेल्या कंपनीनेच पुढे ऑक्सो हा मांसाचा अर्क काढला आणि 1910 मध्ये त्याची चौकोनी वडी बाजारात आणली. इथल्या अनेक घरांत स्काउसमध्ये ती वडी आजही कुस्करून पडते.

मांस बाजूला काढून त्याच चरबीत कांदा परतावा. थोडं पाणी घालून तळाला धरलेलं सगळं खरवडून घ्यावं. रश्श्याचा रंग आणि चव तिथे बसलेली असते. मग मांस परत पातेल्यात, सोबत तमालपत्र, थाईमच्या एक-दोन काड्या, मिरी, ऑक्सोची वडी, आणि सगळं बुडेल इतकं पाणी. बटाट्यांचा तिसरा हिस्सा पातळ चकत्या करून आताच घालायचा. तो विरघळून रस्सा दाट करतो, पीठ लावावं लागत नाही. झाकण ठेवून दीड तास तरी त्याकडे बघायचं नाही. त्यानंतर गाजर आणि स्वीडचे मोठे तुकडे. अर्ध्या तासाने उरलेला बटाटा, तोही मोठ्या फोडींचा. पार्सनिप घालायचे तर शेवटच्या वीस मिनिटांत, कारण ते लवकर मऊ पडतात. चमचाभर वुस्टरशर सॉस आणि चव बघून मीठ अगदी शेवटी. शेजारच्या आजींनी मला दिलेली कसोटी अशी की पळी सोडली तर ती मध्ये उभी राहायला हवी.

सोबत लाल कोबीचं व्हिनेगरमधलं लोणचं आणि जाड सालीचा पाव. हे आंबट ताटात बाजूलाच ठेवावं. कंदांच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहजी सुटत नाही. व्हिनेगर किंवा टोमॅटो सुरुवातीला पातेल्यात गेला तर गाजर तासभर शिजूनही कुरकुरतं. ताटात मात्र तोच आंबटपणा बटाट्याचा जडपणा हलका करतो.

दुसऱ्या दिवशी स्काउस अधिक चविष्ट लागतो. रात्रीत जिलेटिन थिजून सगळ्याची जेली होते, वर चरबीचा थर जमतो, तो हवा तेवढा काढून टाकता येतो. रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नये. दोन तासांच्या आत उथळ भांड्यात निववून फ्रिजमध्ये टाकावा आणि खाण्याआधी वाफा येईपर्यंत नीट गरम करावा.

महाराष्ट्रात कुणाला हे करून बघायचं असेल तर तिथे गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती आणि 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. म्हशीचं मांस मिळतं आणि या कामाला ते उत्तम आहे, फक्त जरा जास्त वेळ द्यावा. मटण घेतलं तर मानेचं घ्यावं, तेही इथल्या परंपरेत तितकंच अस्सल. कुकर वापरायला हरकत नाही. आतलं तापमान वाढल्याने कोलॅजन लवकर सुटतं; मांसाचे धागे थोडे कोरडे पडतात, पण दाट रस्सा ते सांभाळून घेतो. कुकरात मांस आणि बटाट्याच्या चकत्या शिजवाव्यात, बाकीचे कंद झाकण उघडल्यावर घालून मंद आचेवर होऊ द्यावेत. स्वीड मिळणार नाही, सलगम मिळेल. कोकणातल्यांनी सुरण किंवा करांदे घालावेत. स्थानिक जमिनीतलं जे कंदमूळ हिवाळ्यात स्वस्त असेल ते घालणं हाच या पदार्थाचा नियम आहे.

राहता राहिला प्रश्न बीफ न खाणाऱ्यांचा, आणि मराठी माणसांच्या घरात तो येतोच. इथल्या आमच्या मराठी मंडळाची माणसं हिवाळ्यात घरी जेवायला येतात तेव्हा निम्मी बीफ खात नाहीत, काही जण मांसच खात नाहीत. याचं उत्तर लिव्हरपूलने फार आधी देऊन ठेवलं आहे. आठवड्याअखेर मांसाला पैसे उरले नाहीत की इथल्या घरांत तोच स्काउस मांसावाचून शिजायचा; त्याला म्हणतात आंधळा स्काउस. तो आजही खानावळीत मागून खातात. मी दोन पातेली चढवते, कांदा मात्र दुसऱ्या पातेल्यात लोण्यात गडद परतते आणि ऑक्सोऐवजी वाळवलेल्या मशरूमचं पाणी घालते. दोन्हींत कंद तेवढेच, पाव एकच आणि कोबीची बरणी सगळ्यांची. मांसाचा वाटा काढून घेतला तरी चार वाटे उरतात, म्हणून कुणाचं जेवण उणं पडत नाही. पाहुण्यांसाठी मांस वाढवावं असं कुणी सुचवलं तर मी बटाटेच वाढवते.