मोठा आवाज की गोड आवाज? दोन मँडोलिनांची गोष्ट

मँडोलिन म्हटलं की बहुतेकांना ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधला राज आठवतो. जुने श्रोते सज्जाद हुसेन यांचं नाव घेतील, दक्षिणेतले वाचक यू. श्रीनिवास यांचं. आज मात्र जरा लांब जाऊया, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी. तिथे गिब्सनच्या एकाच कारखान्यात दोन मँडोलिनं बनली: एफ-४ आणि एफ-५. दिसायला सख्ख्या बहिणी. आज मात्र एकीची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात आणि दुसरी त्या मानाने कितीतरी स्वस्तात मिळते. मग महागडी खरंच जास्त चांगली वाजते का?

दोन्हींचा वरचा भाग स्प्रूसच्या लाकडाचा, व्हायोलिनसारखा कोरून फुगीर केलेला. तारांच्या चार जोड्या, त्याही व्हायोलिनच्याच स्वरांत लावलेल्या. तारेची वाजणारी लांबीसुद्धा जवळपास तीच, साधारण ३५ सेंटीमीटर. फरक आहे तो पोटात. एफ-४ला मधोमध एक लंबगोल भोक आणि आतून एक आडवी पट्टी. १९२२ साली आलेल्या एफ-५ला मात्र व्हायोलिनसारखी दोन बाजूंना दोन भोकं आणि आत दोन उभ्या पट्ट्या. शिवाय मान लांब केली, त्यामुळे घोडी सरकून पोटाच्या मध्यावर आली. या सगळ्यामागे लॉइड लोअर नावाचा गृहस्थ होता. तो स्वतः मँडोलिन वाजवायचा. १९२४ अखेर त्याने गिब्सन सोडली, पण त्याची सही असलेलं लेबल आत दिसलं की आजही संग्राहकांचे हात थरथरतात.

आता आवाज. एफ-४वर एक तार छेडा. स्वर गोल येतो, त्याला खर्जाची ऊब असते आणि मागे बराच वेळ आस रेंगाळते. खोलीत एकट्याने संथ धून वाजवायला यासारखं सुख नाही. एफ-५चा स्वर पिक लागताक्षणी टणकन बाहेर पडतो. धारदार, कोरडा, लांबवर पोहोचणारा. पाच वादकांच्या गर्दीत, शेजारी बँजो खणखणत असताना तो वेगळा ऐकू येतो. तिथे एफ-४ची गोडी अक्षरशः बुडून जाते.

बिल मनरो यांना नेमकं हेच हवं होतं. अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचे ते जनक. त्यांच्या बँडमध्ये ढोल-ताशा काही नव्हता, म्हणून मँडोलिनच तबल्याचं काम करायचं: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सगळ्या तारांवर एक फटका आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडून आवाज बंद. एफ-५वर हा फटका ‘चक्’ असा स्वच्छ येतो, एफ-४वर तो जरा गढूळ होतो. मनरोंना त्यांचं १९२३ सालचं एफ-५ मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात १५० डॉलरना मिळालं होतं. नवीन असताना त्याची छापील किंमत होती २५० डॉलर. म्हणजे वीसेक वर्षांत भाव उतरलाच होता! मनरोंनी ते वाजवलं, लोकांनी ऐकलं, आणि मग मात्र प्रत्येकाला तसंच हवं झालं. लोअरची सही असलेली एफ-५ पुढे एक लाख डॉलरच्याही वर विकली गेली.

हाताला कसं लागतं? इथे मी एफ-५ला सरळ जास्त गुण देईन. तिची मान पंधराव्या पडद्यापर्यंत मोकळी असल्यामुळे वरच्या सप्तकात बोटं अडखळत नाहीत. एफ-४वर पोट आधीच आडवं येतं. त्यातही १९२०च्या आधीच्या एफ-४ची मान जाडजूड असते. मानेच्या आत पोलादी सळई घालायची पद्धत गिब्सनमध्ये नंतर आली, आणि तेव्हाच मान बारीक करता आली. लहान हाताच्या माणसाने हे आधी पाहावं, मग लाकडाची चमक.

आपल्याकडच्या कानांना आणि बोटांना आणखी एक प्रश्न पडेल: मींड कशी काढायची? तारांच्या घट्ट जोड्या ओढायला दोन्हींवर सारखाच त्रास. श्रीनिवास यांनी म्हणूनच कर्नाटक संगीतासाठी जोड्या सोडून एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. त्यांच्या कामाला या दोघी बहिणी उपयोगाच्या नव्हत्याच.

मला विचाराल तर घरात, दिवेलागणीला, स्वतःसाठी वाजवायला मी एफ-४च उचलेन. तुम्हाला स्वतःच्या कानांनी ठरवायचं असेल तर डेव्हिड ग्रिसमन आणि टोनी राइस यांचा १९९४चा ‘टोन पोएम्स’ अल्बम ऐका. त्यात प्रत्येक धून वेगळ्या जुन्या मँडोलिनवर आणि गिटारवर वाजवली आहे. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. आणि स्वर सुरू कसा होतो यापेक्षा तो विरतो कसा, तिकडे कान द्या.