लँडलाईन परत केला, पण रात्री दोनचा प्रश्न घरातच राहिला

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या परभणीच्या घरचा लँडलाईन अखेर परत केला. अर्ज दिला, डबा जमा केला, पोच घेतली. अण्णा सोबत होते. येताना रिक्षात एकच वाक्य बोलले, "आता घराला नंबर राहिला नाही रे."

मी तेव्हा हसलो. घरी आल्यावर लक्षात आलं की बरोबर बोलले. अण्णांना मोबाईल आहे, आईला आहे, मला आहे, बायकोला आहे. पण घराला नाही.

तुम्ही म्हणाल, यात पोस्ट लिहिण्यासारखं काय आहे? सगळ्यांनीच काढले की. काढले, मान्य. आमचा तर सहा महिने बंदच होता. गल्लीत रस्ता खोदला, केबल तुटली, तेव्हापासून डबा म्हणजे नुसता पेपरवेट. बंद फोनची आरती ओवाळत बसा, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण लँडलाईन काढला, पण तो जी कामं गुपचूप करत होता ती कोण करणार, हे कोणी ठरवलंच नाही. घरातही नाही आणि जिल्ह्यातही नाही.

आधी थोडं जुनं. ज्यांनी ऐंशी-नव्वदचं दशक पाहिलंय त्यांना माहीत आहे, फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था सुरू झाली, तिने आपल्या धुळीत आणि उन्हात टिकणारी छोटी एक्स्चेंजेस बनवली, मग गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि तिथून खरा खेळ फिरला. २००६ च्या सुमारास देशात साधारण ५ कोटी लँडलाईन होते, २०२० पर्यंत ते २ कोटींच्या आसपास आले. त्याच २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलमधून ७८ हजारांवर लोक एका दमात स्वेच्छानिवृत्तीवर गेले. खांबावर चढणारा, जोड कुठे आहे हे पाठ असणारा लाईनमन त्यातच गेला. तांब्याची तार मग सांभाळणार कोण?

म्हणजे हा बदल कोणाच्या एकट्याच्या चुकीने झालेला नाही आणि तो मागेही फिरणार नाही. ठीक. पण गेलं काय, ते नीट मोजू.

पहिली गोष्ट, करंट. जुन्या तांब्याच्या लाईनला घरातली लाईट लागतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची मोठी रांग असते, तिथून ४८ व्होल्ट तारेतूनच घरापर्यंत यायचे. गावात अंधार असला तरी डब्याला टोन असायचा. मोबाईलचं तसं नाही. तुमचा फोन चार्ज पाहिजे आणि टॉवरही जिवंत पाहिजे. टॉवरला बॅटरी असते, काहींना जनरेटर असतो. पण बॅटरी जुनी झाली किंवा डिझेल संपलं की टॉवर झोपतो. मग तुमच्या हातातला वीस हजारांचा फोन म्हणजे फक्त टॉर्च.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. संध्याकाळी वारं सुटलं, आठला लाईट गेली. रात्री दोनच्या सुमारास अण्णांना दम लागला. घरात आई आणि अण्णा दोघंच. आईने फोन घेतला तर रेंजच नाही. अण्णांच्या फोनमध्येही त्याच कंपनीचं सिम. कारण काय, तर दोघांचं रिचार्ज एकदम करायला सोपं म्हणून मीच तसं करून दिलेलं! बिचारी अंधारात गेटपर्यंत गेली, शेजारच्या काकांना हाका मारल्या. त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं, गच्चीवर जाऊन एक दांडी मिळाली, १०८ ला फोन लागला. अण्णा आज ठणठणीत आहेत. पण ती पंधरा मिनिटं आई अजून विसरलेली नाही. मी पुण्यात गाढ झोपलेलो होतो.

दुसरी गोष्ट, जागा. लँडलाईन एका जागी असायचा. नातवालाही माहीत असायचं की फोन कुठे आहे. चष्मा नसला तरी बोटांना आकडे पाठ. मोबाईल उशीखाली असतो, देवघरात असतो, सायलेंटवर असतो. ज्यांचे आईवडील सत्तरीपुढचे आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, पत्ता. ०२४५२ म्हटलं की परभणी, आणि पुढच्या आकड्यांवरून एक्स्चेंजला तुमचं घर माहीत. मोबाईलवरून ११२ लावला तर तुमची जागा अंदाजाने कळते, घर नंबर तुम्हालाच सांगावा लागतो. धाप लागलेल्या माणसाला कॉलनी, गल्ली, देवळाची खूण सांगता येते का?

आता अलार्मकडे येतो, कारण चोऱ्यांच्या भीतीने तो बऱ्याच दुकानांत आणि आता घरांतही बसायला लागलाय. पूर्वी पतसंस्थांचे, सराफांचे अलार्म लँडलाईनला जोडलेले असायचे. दार फुटलं की डबा स्वतः नंबर फिरवायचा. आता त्यात सिम असतं. वाईट काहीच नाही. उलट चोराने बाहेरची वायर कापून काम भागत नाही, हा मोठा फायदा. पण त्या सिमचं रिचार्ज कोण करतं? माझ्या एका दुकानदार मित्राने हौसेने अलार्म बसवला. वर्षाने चाचणी म्हणून दार उघडून पाहिलं, भोंगा वाजला, फोन मात्र कोणालाच गेला नाही. सिम कधीच बंद पडलेलं. नव्वद दिवस वापर नाही आणि बॅलन्सही नाही, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. कंपनी त्या नंबरवर मेसेज पाठवत राहते, आणि ते मेसेज वाचणार कोण? भिंतीवरचा डबा!

हे आपल्या शेतकऱ्यांना शहरवाल्यांपेक्षा जास्त कळतं बरं का. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून किती वर्षं झाली आता. रात्रीची लाईट, विंचूकाट्याची वाट, म्हणून घरबसल्या मोटार चालू करायची. ज्याच्याकडे आहे त्याला विचारा, स्टार्टरसाठी सिम कोणतं घ्यायचं. लगेच सांगेल: शेतात ज्याची रेंज ते, आणि जुन्या स्टार्टरला जिओ चालत नाही. का चालत नाही? कारण बरेच स्वस्त स्टार्टर आणि अलार्म २जीवर चालतात आणि जिओकडे २जी नाहीच. बाकीच्यांचं २जी आज आहे, ते जन्मभर राहील या भरवशावर नवीन वस्तू घेऊ नका. घेताना "४जी आहे का" एवढं विचाराच.

मग करायचं काय? मी घरी जे केलं ते सांगतो. यात कोणाची जाहिरात नाही.

१. सिम टाकायचा टेबलफोन मिळतो, दिसायला लँडलाईनसारखाच. तो जुन्या जागी ठेवला. मोठी बटणं, आत स्वतःची बॅटरी. घेताना ४जीवर कॉल होतो का ते बघितलं. अण्णांना "घराचा नंबर" परत मिळाला, आकडे नवे असले तरी.

२. टेबलफोनचं सिम आणि आईच्या मोबाईलचं सिम वेगवेगळ्या कंपन्यांचं. पण सावध, दोन कंपन्या एकाच टॉवरवर भाड्याने असू शकतात. टॉवर पडला तर दोन्ही जातात. लाईट गेल्यावर दोन तासांनी दोन्ही फोनची रेंज बघा, तेव्हा खरं कळतं.

३. ज्या सिमवर फक्त बोलायचं त्याला डेटाचा महागडा पॅक मारू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचेही पॅक द्यायचे. ते आलेत. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागतात. लांब मुदतीचा घ्या आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

४. फायबर घेणार असाल तर त्याच्यावरही फोन चालतो. बीएसएनएलचा जुना नंबर चालू असेल तर तोच नंबर फायबरवर ठेवता येतो का, हे लाईन सोडायच्या आधी विचारा. एकदा सोडला की गेला, लँडलाईनचा नंबर मोबाईलवर पोर्ट होत नाही. फायबरच्या डब्याला घरची लाईट लागते, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडा.

५. अलार्म असेल तर महिन्याला एकदा वाजवून बघा. फोन येतो का ते बघा. एकाच माणसाचा नंबर टाकू नका, त्यात एक शेजारी हवाच. मी पुण्यात, मला फोन येऊन उपयोग काय?

हे झालं घरापुरतं. पण सगळं घरावर ढकलून चालणार नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीची अतिवृष्टी आठवा. ओढे-नाले एक झाले, शेतं पाण्याखाली गेली. अशा रात्रीच फोन लागला पाहिजे आणि अशा रात्रीच लाईट जाते. गोदाकाठच्या गावाला, जिंतूरच्या डोंगराकडच्या तांड्याला शेजारच्या गच्चीवरची दांडी नसते.

काही जण म्हणतील, लँडलाईन तरी पुरात कुठे चालायचा? केबलच्या खड्ड्यात पाणी गेलं की पंधरा दिवस खरखर. खरंय. मोबाईलने जेवढे जीव वाचवले तेवढे डब्याने वाचवले नसतील, हेही खरंय. बांधावर वीज कोसळायच्या आधी सूचना देणारं दामिनी ॲप मोबाईलवरच येतं. म्हणूनच तर टॉवरला आता चैनीची वस्तू समजून चालणार नाही. पाणी आणि लाईटसारखीच ती गरज आहे, आणि त्याच हिशोबाने जाब विचारला पाहिजे.

माझ्या मागण्या तीनच. एक, पावसाळ्यापूर्वी जशी नालेसफाईची आढावा बैठक होते तशी टॉवरच्या बॅटरी-डिझेलचीही जिल्हा पातळीवर व्हावी, आणि कोणता टॉवर किती तास चालतो ते लोकांना कळावं. दोन, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस चौकी आणि पूररेषेतल्या ग्रामपंचायतीत फायबर आणि सिम असे दोन वेगळे मार्ग असावेत, बॅटरीसकट. तीन, आणि ही तर फुकटात होण्यासारखी: कार्यालयांच्या पाट्यांवरचे मेलेले नंबर बदला. परवा एका कार्यालयाच्या पाटीवरचा ०२४५२ लावला, तर "हा नंबर अस्तित्वात नाही". पाटी मात्र नुकतीच रंगवलेली! संकटात माणूस तोच नंबर फिरवणार ना?

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून आपण स्वतःवरच हसतो. फोनच्या बाबतीत तरी "लगी तो लगी" असं नको.

आता तुमचं काम. तुमच्या गावात लाईट गेल्यावर रेंज किती वेळ टिकते? कमेंटमध्ये गाव, तालुका आणि अंदाजे तास लिहा. कंपनीला शिव्या नकोत, तास लिहा. नऊही तालुक्यांतून आलेली यादी घेऊन मी निवेदन देणार आहे. आणि आज रात्री आईवडिलांच्या फोनची रिचार्जची तारीख तेवढी बघून घ्या.