तिकिटाला बाजार, रानाला अधिसूचना



विमानाला आमचा विरोध नाही. गलाईच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपर्यंत पांगलेली खानापूर तालुक्यातली काही पोरे आता पुण्यापर्यंत विमानाने येतात आणि तिथून एस.टी.ने विट्यात उतरतात. त्यांची दोन दिवसांची रखडपट्टी वाचते, चांगलेच आहे. लढाऊ विमानालाही विरोध नाही. देशाची राखण झालीच पाहिजे. आमचे भांडण एवढेच, की लढाऊ विमानासाठी जो देशहिताचा न्याय लावतात, तोच प्रवासी विमानाच्या धंद्यालाही का लावायचा?

पुण्याचे लोहगाव पाहा. तळ हवाई दलाचा. तिथल्या अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवरून सुखोई उडतात आणि प्रवासी जेटही. 2021 च्या ऑक्टोबरात हवाई दलाने धावपट्टी दुरुस्तीला घेतली, तर 16 ते 29 तारखेपर्यंत पुण्याची प्रवासी विमाने बंद. त्यात हवाई दलाचे काय चुकले? जागा त्यांची. प्रवासी विमानांना स्वतंत्र जागा हवी, हे मान्य. ती शोधत सरकार 2016 साली पुरंदरला पोचले. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. मुलूख आपल्यासारखाच पाण्याला महाग, अंजीर-सीताफळावर जगणारा. 2025 च्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करायला पथक आले, लोक आडवे झाले, लाठ्या चालल्या. पुढे बऱ्याच जणांनी संमती दिली. पण डोक्यावर अधिसूचना ठेवून घेतलेली संमती म्हणजे सौदा नव्हे. खरसुंडीच्या जत्रेत खिलार विकायला नेले आणि भाव पटला नाही, तर दावे धरून परत आणता येते. इथे दावेच सरकारच्या हातात.

आता हिशोब बघा. 1994 साली विमान वाहतुकीतली सरकारी मक्तेदारी कायद्याने संपली. एरवी तिकिटाचा भाव कंपनी ठरवते, दिवाळीत वाढवते. त्याला म्हणायचे बाजार. जेटच्या इंजिनात जळते ते शुद्ध केलेले रॉकेलच; त्यावरचा राज्याचा कर 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेलला मात्र 21 टक्के! आणि आपल्या मालाचा बाजार? 19 ऑगस्ट 2025 पासून, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. रानाची गत याहून वाईट. मागच्या खरेदीखतांची सरासरी काढायची, तिला गुणक लावायचा, झाला भाव. विमानतळ झाल्यावर शेजारच्या रानाला जो भाव येणार, तो त्या हिशोबात कुठेच धरत नाहीत.

हे पुरंदरपुरते आहे असे समजून विट्यात स्वस्थ बसू नका. कराडच्या विमानतळाचा विस्तार आणि सांगलीजवळ कवलापूरचा विमानतळ ही बोलणी कित्येक वर्षांची आहेत. जेट उतरवायचे तर धावपट्टी लांब लागते, आणि ती लांबते कुणाच्या तरी बांधावरूनच.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. प्रवासी विमानतळासाठी अधिसूचना नको. जमीन हवी असेल त्याने धन्याशी सौदा करावा. नाहीतर भाडेपट्ट्याने घ्यावी आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाकडून जे भाडे घेतले जाते, त्यात धन्याचा हिस्सा लिहून द्यावा. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही या. समोरासमोर बोलू.