एसी फुल, हवा गुल!

यंदाच्या पाडव्याला गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली. नंबर एमएच ०५, म्हणजे अस्सल कल्याण-डोंबिवलीकर! शोरूममध्ये हार, नारळ, पेढे, किल्ली घेतानाचा फोटो, सगळं यथासांग झालं. सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, एसी म्हणजे शिमला आहे शिमला!"

आमचं शिमला मानपाडा रोड संपेपर्यंत टिकलं.

आता गाडी घेतलीच का, ते आधी सांगते. बाबांनी ३३ वर्षं डोंबिवली ते व्हीटी लोकलने नोकरी केली. (सीएसएमटी म्हणा, बाबांसाठी ते व्हीटीच.) गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. दर महिन्याला ठाण्याला तपासणी, आणि डॉक्टरांची ताकीद : गर्दी नको, ऊन नको. डोंबिवलीकराला गर्दी नको म्हणणं म्हणजे माशाला पाणी नको म्हणण्यासारखं. एसी लोकल आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, पण तिच्यातही आधी चढावं लागतं ना! शेवटी मी धाडस केलं. फ्रीलान्सरला कार लोन देताना बँकेने इतके कागद मागितले, की एवढे मी मास कॉमच्या प्रोजेक्टलाही जोडले नव्हते.

पहिली तपासणी एप्रिलच्या शेवटी. सकाळी साडेअकरा, शिळफाटा, पुढे ट्रेलर, मागे टँकर. गाडी थांबली आणि पाचेक मिनिटांत एसीतून चक्क गरम हवा यायला लागली. ब्लोअर फुल, आवाज विमानाचा, आणि हवा इस्त्रीवाल्याच्या दुकानातली. बाबांनी कॉलरमध्ये रुमाल घातला. "काच खाली कर, वारा येईल," म्हणाले. शिळफाट्याला वारा? आला तो नुसता धूर. हॉस्पिटलमध्ये त्यांचं बीपी वाढलेलं निघालं. नर्सने विचारलं, "काका, चालत आलात का?"

घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "लोकलच्या दारात बरं होतं गं."

त्या रात्री मी ईएमआयचं वेळापत्रक काढून बसले होते. पुढचं सांगत नाही.

सर्व्हिस सेंटर ठाण्यात. तिथला अॅडव्हायझर एकदम गोड. "मॅडम, उन्हाळा आहे," हे त्याचं पहिलं निदान. "एसी कितीवर ठेवता?" हा दुसरा प्रश्न. आणि तिसरा, "मिस्टर येणार आहेत का?" मी म्हटलं, मिस्टर अजून मॅन्युफॅक्चर व्हायचेत, तुम्ही गाडी बघा. दुपारी दोनला तो मला शेजारी बसवून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मुलुंडच्या दिशेने घेऊन गेला. गाडी सत्तरने पळत होती, आणि काय सांगू, बोटं आखडली हो माझी! जॉब कार्डवर शेरा पडला : 'नो प्रॉब्लेम फाउंड'. मीच वेडी ठरले.

दुसऱ्या खेपेला म्हणाला, "गॅस टॉपअप करून बघू, थोडे पैसे पडतील." महिनाभराच्या गाडीत गॅस कमी? इथे मात्र माझ्या डोक्यात घंटी वाजली. कारण आमच्या बिल्डिंगमधले काका. एमआयडीसीतल्या कारखान्यात कूलिंग प्लांट सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "पोरी, एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपायला! बंद नळ्यांमध्ये तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधा म्हणावं, मग भरा." छोट्या गाडीत हा गॅस असतो साधारण अर्धा किलो. वर्षानुवर्षं बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हाच वापरात राहिलाय. त्याच्या आधीचा आर-१२ ओझोनचा थर खायचा, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. १३४ए ओझोनला हात लावत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे गळती न शोधता गॅस भरत राहिलो, तर आपली गाडी गार करता करता आपण बाहेरचा उन्हाळा वाढवतोय. ग्रेट!

टॉपअपला मी नाही म्हटलं. खरा उलगडा त्यानंतर, तोही अपघाताने झाला. मे महिन्यातल्या तपासणीला शिळफाट्याचा धसका घेऊन मी कोपर पुलावरून डोंबिवली पश्चिमेला गेले आणि २०२४ साली सुरू झालेला माणकोलीचा पूल पकडला. खाडीवर मोकळा रस्ता, गाडी सुसाट, एसी बर्फ. पुढे नाशिक हायवेला लागून साकेतजवळ ट्रॅफिकमध्ये अडकले. पाच मिनिटं... आणि पुन्हा इस्त्रीवाला!

रात्री काकांना सांगितलं. ते हसले. "अगं, मग कंडेन्सरचा पंखा बघ ना!"

त्याचं काय आहे, एसी थंडी तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ती बाहेर टाकण्याचं काम कंडेन्सरचं. बोनेटच्या पुढच्या जाळीमागे दिसते ना, ती पातळ पत्र्यांची चौकट, तोच तो. गाडी पळत असताना समोरचा वारा त्याला आयता थंड करतो. गाडी थांबली की वारा बंद, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरला नाही तर उष्णता बाहेर जात नाही, नळ्यांमधलं प्रेशर वाढत जातं आणि शेवटी सुरक्षेसाठी कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो. मग ब्लोअर फेकतो ती नुसती गरम हवा. हायवेवर गाडी शहाणी आणि शिळफाट्यावर वेडी, ती यामुळे! आणि टेस्ट ड्राइव्ह मात्र हायवेवरच होणार. बॉस, ज्या रस्त्यावर ताप येतो त्याच रस्त्यावर थर्मामीटर लावायला नको का?

तर तो लावलाच. बाजारात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर एसीच्या जाळीत खोचला. गाडी पळताना ९ अंश. बिल्डिंगखाली भर दुपारी इंजिन चालू ठेवून उभी केली, तर वीस मिनिटांत २७. दोन्हीचे फोटो काढले. वॉचमन धावत आला, "मॅडम, गाडीतून पाणी गळतंय!" ते पाणी नॉर्मल हं. आतल्या दमट हवेतली वाफ थंड नळ्यांवर जमते आणि खाली ठिबकते. त्यासाठी कुणी बिल लावलं तर देऊ नका.

आता आईची एन्ट्री. आमच्याकडे महिन्याचं वाणसामान वर्षानुवर्षं मुंबई ग्राहक पंचायतीकडून येतं. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेने आईसारख्या कितीतरी बायकांना डाळ-तांदळाबरोबर एक सवयही लावली : जे बोलायचं ते कागदावर. आई म्हणाली, "तू त्यांच्याशी भांडतेस कशाला? तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे आणि सही माग."

मित्रमंडळींचा सल्ला अर्थात वेगळा होता. नवी कोरी गाडी बदलूनच माग! पण ते इतकं सोपं नाही. क्लचच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणाचा निकाल २००६ साली लागला. त्यात कोर्टाने सांगितलं, की वॉरंटीनुसार सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलून देणं ही कंपनीची जबाबदारी, त्यासाठी अख्खी गाडी बदलून द्यायला लावता येणार नाही. मला तरी कुठे दुसरी गाडी हवी होती? मला चालणारा पंखा हवा होता. पण तोही मिळाला नाही तर दार उघडं आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. डीलर कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. हा नंबर मी मोबाइलमध्ये 'शिमला' नावाने सेव्ह केला.

तिसरी खेप. जॉब कार्डवर लिहायला लावलं : 'उभ्या गाडीत, दुपारी, वीस मिनिटांनंतर एसी गरम हवा देतो. चाचणी गाडी उभी ठेवूनच करावी.' अॅडव्हायझरने एकदा माझ्याकडे, एकदा थर्मामीटरच्या फोटोंकडे बघितलं आणि या वेळी मिस्टरांबद्दल विचारलं नाही. गाडी उन्हात उभी केली. बोनेट उघडलं. या गाडीला दोन पंखे आहेत. इंजिनचा फिरत होता, म्हणून गाडी तापत नव्हती. एसीचा मख्ख.

का? तर डिलिव्हरीच्या वेळी मला 'फ्री' मिळालेला डबल टोनचा हॉर्न! तो पुढे बसवताना कुणीतरी पंख्याचा कनेक्टर काढला आणि अर्धवटच परत लावला. मेकॅनिकने तो दाबला. टक् असा आवाज आला आणि पंखा फिरायला लागला. दीड महिना, तीन फेऱ्या, बाबांचं बीपी, आणि इलाज एक टक्!

एवढ्यावर संपेल ते सर्व्हिस सेंटर कसलं? "मॅडम, हे अॅक्सेसरीमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही. लेबर चार्ज लागेल." मी पर्समधून गाडीचं बिल काढलं. त्यावर त्यांच्याच शिक्क्याखाली लिहिलेलं : 'हॉर्न, फिटिंगसह, मोफत'. आई ग्रेट आहे. चार्ज गेला, कनेक्टर नवा बसला, आणि तेही जॉब कार्डवर लिहून घेतलं.

जूनच्या तपासणीला मुद्दाम शिळफाट्यावरून गेलो. मुद्दाम म्हणजे खरं तर माझ्या हट्टाने. पावसाने दडी मारलेली, घामाच्या धारा, आणि नेहमीचा ट्रॅफिक. चाळीस मिनिटं उभे होतो. थर्मामीटर ११ च्या वर गेला नाही. बाबा पेपर वाचत होते. मध्येच त्यांनी शब्दकोड्यातला आडवा सात अडलाय म्हणून मला विचारला.

हॉर्न मात्र मी काढून घेतलाय. तो डिकीत खोक्यात पडून आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, फ्री आहे. फिटिंग तुमचं तुम्ही बघा!