यंत्राला दुरुस्तीचा अधिकार कुठवर?

कंपन्यांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विक्रीत एक दावा हमखास केला जातो. प्रणाली स्वतःची तब्येत स्वतः तपासते, बिघाड स्वतः शोधते, स्वतःच दुरुस्त करते. तेव्हा रात्रपाळीची माणसे कमी करा. हा दावा अर्धा खरा आहे. म्हणूनच तो झटकून टाकता येत नाही, मुद्द्याला धरून खोडावा लागतो.

विषय आपल्यापासून दूरचा मुळीच नाही. कागदपत्रे सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या प्रणालीचे अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांचे सर्व्हर त्यांच्या वेळेनुसार सांभाळणाऱ्या कितीतरी टीम हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथे बसतात. पहाटे तीनला अलर्ट आला की तिकीट उघडणारी मुले-मुली आपल्या घरांतली आहेत. ‘आता हे काम यंत्र करेल’ असे कुणी म्हणतो तेव्हा तो त्यांच्या कामाबद्दल बोलत असतो.

माझे म्हणणे आधीच सांगतो. तपासणी पूर्णपणे यंत्राकडे द्यावी. दुरुस्तीचा अधिकार मात्र त्याला तेवढ्याच गोष्टींपुरता द्यावा, ज्या मूळ माहितीवरून पुन्हा उभ्या करता येतात. मूळ दस्तऐवज, त्याच्या जुन्या आवृत्त्या, तो कुणाला दिसावा याचे हक्क आणि तो केव्हा नष्ट करावा याचे नियम यांना माणसाच्या मंजुरीशिवाय यंत्राने हात लावू नये.

पूर्वपक्ष जुना आहे आणि त्याचे प्रवर्तक साधे नव्हते. २००१ साली आयबीएमच्या संशोधन विभागाचे प्रमुख पॉल हॉर्न यांनी ‘ऑटोनॉमिक कम्प्युटिंग’ची कल्पना मांडली. संगणकप्रणाली इतक्या गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत की त्या सांभाळायला माणसे पुरणार नाहीत, म्हणून स्वतःची जुळणी, दुरुस्ती, संरक्षण आणि कार्यक्षमता प्रणालीनेच पाहावी, असे त्यांचे म्हणणे. दाखला त्यांनी शरीरातल्या स्वायत्त चेतासंस्थेचा दिला. हृदयाचे ठोके आपण मोजत बसत नाही. ते आपोआप सांभाळले जातात.

दाखला चांगला आहे, पण तो पुढे नेला तर माझ्याच बाजूने बोलतो. ही चेतासंस्था ठोके, श्वास, घाम सांभाळते. काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे, यात ती पडत नाही. कागदपत्रांची प्रणाली ही संस्थेची स्मृती आहे. करार, तक्रारी, मंजुऱ्या, नकाशे, पगाराचे निर्णय तिथे राहतात. सर्व्हर चालू ठेवणे ही एक गोष्ट आणि त्यातला कागद शाबूत ठेवणे ही दुसरी. विक्रेते पहिलीचा पुरावा दाखवून दुसरीची हमी देतात, माझा आक्षेप त्याला आहे.

आता ‘यंत्र थकत नाही’ हा मुद्दा घेऊ. मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीत ‘हेल्थ ॲनालायझर’ आणला. त्यात नियमांची यादी असते. कुठला नियम तासाला चालतो, कुठला रोज, कुठला आठवड्याला, कुठला महिन्याला. गडबड आढळली की ॲडमिनच्या मुख्य पानावर लाल पट्टी येते, आणि काही नियमांना ‘आपोआप दुरुस्त करा’ अशी सोय असते. कल्पना उत्तम. तिचा रोजचा अनुभव कसा असतो, हे समजायला एक नियम जवळून पाहू.

हा नियम ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेचा. मोकळी जागा रॅमच्या दुपटीपेक्षा कमी झाली की धोक्याचा इशारा आणि पाचपटीपेक्षा कमी झाली की सावधगिरीचा. यामागे कारण आहे: सर्व्हर कोसळला तर मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर उतरवता यावा, नंतर तपासाला उपयोगी पडावा. आता हिशेब करा. त्या आवृत्तीसाठी सिस्टिम ड्राइव्हची किमान अट ८० जीबीची होती. अशा सर्व्हरला १६ जीबी रॅम असेल तर पाचपट होतात बरोब्बर ८० जीबी. म्हणजे इशारा टाळायचा तर ड्राइव्हवर विंडोजसुद्धा नको! पुढे रॅम ३२ आणि ६४ जीबी झाली; ६४ जीबीला ३२० जीबी मोकळी जागा हवी. एवढी जागा सिस्टिम ड्राइव्हवर कोण ठेवतो? पट्टी लागते ती उतरतच नाही.

त्याच आवृत्तीत दुसरी विसंगती होती. फार्मचे, म्हणजे एकत्र चालणाऱ्या शेअरपॉइंट सर्व्हरांच्या समूहाचे, मुख्य खाते इतर सेवांसाठी वापरू नका, असा एक नियम. आणि कर्मचाऱ्यांची माहिती जुळवणारी यूजर प्रोफाइल सिंक्रोनायझेशन सेवा चालायची ती त्याच मुख्य खात्यावर. कंपनीने सांगितल्याप्रमाणे मांडणी केली की कंपनीचाच तपासनीस दोष दाखवायचा. ज्या ॲडमिनने महिनोन्महिने असल्या दोन पट्ट्या पाहिल्या, तो तिसरी खरी पट्टी आली तर तितक्याच तत्परतेने उघडेल का? यंत्र थकत नाही हे खरेच. ते समोरच्या माणसाला थकवते. म्हणून नियम चालू ठेवणे जितके गरजेचे, तितकेच आपल्या सर्व्हरला लागू न होणारा नियम कारण लिहून बंद करणे किंवा बदलणे. ते काम माणसाचेच, आणि त्याला वेळ लागतो.

दुसरा मुद्दा: ‘दुरुस्तीही आपोआप होते, मग काळजी कशाची?’ याचे उत्तर विचाराल तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदत-लेखात आहे. डेटाबेसची संख्याशास्त्रीय माहिती, ज्याला डीबीएची मंडळी ‘स्टॅटिस्टिक्स’ म्हणतात, ताजी ठेवण्याचे काम हेल्थ ॲनालायझरकडे होते. ती शिळी झाली की साध्या शोधालाही वेळ लागतो, पाने टाइम-आउट होतात. हे स्वयंचलित काम प्रत्येक डेटाबेसवर दर वेळी पूर्ण होईलच असे नाही, हे कंपनीने मान्य केले आणि एसक्यूएल सर्व्हरवर वेगळी रोजची देखभाल लावायचा सल्ला दिला. दुरुस्त करणारा अर्ध्यात थांबला होता आणि थांबल्याचे कुणाला ठळकपणे कळत नव्हते.

याहून कठोर धडा प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला घेतला. थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअप शोधायला गेले, तर पाच वेगवेगळ्या सोयींपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडत होता आणि तो बंद पडल्याचे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. तारले ते एका अभियंत्याने सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने. नेमलेली स्वयंचलित व्यवस्था निकामी ठरली आणि माणसाने सहज करून ठेवलेले काम उपयोगी पडले. यावरून स्वयंचलित बॅकअप टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. बॅकअप झाला ही नोंद म्हणजे बॅकअप नव्हे. तो परत उतरवून त्यातला कागद उघडला, तरच तो झाला.

कुणी म्हणेल, ही बिघडलेल्या यंत्रांची उदाहरणे झाली. नीट चालणाऱ्या यंत्राचे काय? मग तसलीच सेवा देणाऱ्या गिटहबचे पाहा. २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्कचे उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. त्यांच्या ‘ऑर्केस्ट्रेटर’ने नेमून दिलेले काम चोख केले: डेटाबेसचे मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरांना दिले. पण पूर्वेकडे नोंदले गेलेले शेवटचे काही सेकंदांचे लेखन पश्चिमेला पोचलेच नव्हते, आणि आता पश्चिमेलाही नवे लेखन सुरू झाले. दोन्हीकडे अशा नोंदी, ज्या दुसरीकडे नाहीत. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्या काळात निर्णय माणसांनी घेतला: साइट काही काळ अपुरी चालली तरी चालेल, वापरणाऱ्यांचा डेटा गमावायचा नाही. कशाची किंमत जास्त, हे ऑर्केस्ट्रेटरच्या नियमांत लिहिलेले नव्हते.

शिवाय सगळे हिरवे दिसत असताना घरात चोर असू शकतो. जुलै २०२५ मध्ये कंपन्यांच्या स्वतःच्या जागेतल्या शेअरपॉइंट सर्व्हरांवर हल्ले झाले, तेव्हा हल्लेखोरांनी सर्व्हरच्या ‘मशीन की’ उचलल्या. पॅच बसवल्यावरही ती चोरलेली किल्ली चालत राहायची. म्हणून मायक्रोसॉफ्टला सांगावे लागले की पॅच बसवा, किल्ल्या बदला आणि आयआयएस हा वेब सर्व्हर पुन्हा सुरू करा. पॅच आपोआप बसला म्हणून तिकीट बंद करणाऱ्याने दार उघडे ठेवले.

प्रतिपक्षाकडे एक भक्कम उदाहरण आहे, ते मी दडवणार नाही. ऑगस्ट २०२० मध्ये केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीत १ लाख ४५ हजार कर्मचाऱ्यांचे टीम्सवरचे खासगी चॅट नाहीसे झाले. चूक माणसाची होती: एका व्यक्तीपुरता करायचा बदल सगळ्यांना लागू झाला. ‘पाहा, माणूसच धोकादायक,’ असे म्हणता येते. पण चुकीचा हुकूम न थांबता, न विचारता सर्वत्र राबवला तो यंत्रणेने. मला यंत्राकडून हवे ते याच ठिकाणी. ‘हा बदल १ लाख ४५ हजार जणांना लागू होईल’ असे सांगून त्याने अडून बसावे, दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी मागावी. माणसाच्या चुकीवर यंत्राचा पहारा हवाच.

काही जुन्या ॲडमिनांचा दुसरा टोकाचा पक्ष आहे: सगळे आपोआप बंद करा, आम्ही हाताने पाहू. तो टिकत नाही. तुकडे पडलेले इंडेक्स नीट करणे, शिळे स्टॅटिस्टिक्स ताजे करणे, अडकलेली सेवा पुन्हा सुरू करणे यासाठी माणसाला पहाटे उठवणे अन्यायाचे आहे. ही कामे कितीही वेळा केली तरी कुठला कागद हरवत नाही. ती यंत्राने करावीत, फक्त कधी आणि काय केले हे नोंदवून. सर्च इंडेक्स पुन्हा बांधणे याच गटात येते, पण तिथेही सबुरी हवी: पूर्ण क्रॉल होईपर्यंत शोध रिकामा येतो, आणि ऐन लेखापरीक्षणाच्या दिवशी ते झाले तर कागद असून नसल्यासारखा.

सीमारेषा कुठे आखायची, हे शेअरपॉइंट बांधणाऱ्यांना ठाऊक होते. कंटेंट डेटाबेसमधल्या ‘अनाथ’ नोंदींचा एक नियम त्यांनी केला. ज्या नोंदीचा वरच्या साइटशी किंवा लायब्ररीशी दुवा तुटला, ती अनाथ. तिची दुरुस्ती म्हणजे ती पुसणे. इंडेक्सच्या बाबतीत आपोआप दुरुस्तीची मुभा देणाऱ्यांनी इथे ती मूळ मांडणीत बंद ठेवली आहे. जुन्या एसटीएसएडीएम कमांडमध्येही तसेच: ‘डेटाबेसरिपेअर’ चालवले की नुसती यादी मिळते, पुसायचे तर ‘डिलीटकरप्शन’ हा वेगळा शब्द मुद्दाम टाइप करावा लागतो. पाहणे आणि पुसणे यांच्यामध्ये माणूस उभा केला आहे. कारण यंत्राला दिसतो तुटलेला दुवा. ती नोंद एखाद्या कराराची शिल्लक राहिलेली एकमेव प्रत आहे की जुन्या चाचणीचा कचरा, हे त्या विभागातल्या माणसाला फोन करूनच कळते.

राहिला माणसे कमी करण्याचा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ सालीच दाखवून दिले होते की स्वयंचलन सोपी कामे काढून घेते, सगळ्यांत अवघड प्रसंग माणसावर टाकते आणि त्या प्रसंगासाठी लागणारा सरावही हिरावते. आज सपोर्टमध्ये नव्याने आलेल्या मुलाला किती वेळा प्रत्यक्ष रिस्टोअर करायला मिळते? यंत्रामुळे वाचलेले तास पगारपत्रकातून वजा करण्याऐवजी या सरावाला द्यायला हवेत. पहाटे तीनला पूर्ण फार्म आडवा होईल तेव्हा कामाला येईल तो हाच सराव.

सपोर्टच्या करारावर सही करणाऱ्यांना माझे सांगणे आहे: ‘सेल्फ-हीलिंग’ या शब्दावर पैसे देण्याआधी प्रणाली कोणकोणत्या गोष्टी न विचारता बदलेल याची लेखी यादी मागा आणि दर महिन्याच्या रिस्टोअर चाचणीचे तास करारात घाला. आणि जे प्रत्यक्ष फार्म सांभाळतात त्यांनी या आठवड्यात नियमांचे पान उघडावे, ‘आपोआप दुरुस्त करा’ कशाकशाला लागू आहे ते पाहावे, आणि मागच्या महिन्यातला कुठलाही एक कागद बॅकअपमधून काढून त्याच्या मालकाकडून तपासून घ्यावा. तो निघाला नाही, तर ते त्याच दिवशी साहेबांना लेखी कळवावे.