फाडू दे की त्याला!

परवा भिशी आमच्याकडे होती. पोहे झाले, चिठ्ठी निघाली आणि मग एकेकीचं लक्ष गॅलरीजवळच्या पिंजऱ्याकडे गेलं. म्हणजे पिंजऱ्याकडे नव्हे, पिंजऱ्याखालच्या पसाऱ्याकडे. पत्रावळीच्या चिंध्या, पुठ्ठ्याचे कपटे, मक्याच्या कणसाची सालं, काड्या. ‘‘अगं, तुझ्या घरात हे?’’ एकीने विचारलंच. बायका येणार म्हणून तासाभरापूर्वीच मी तिथली फरशी पुसली होती. तेवढ्यात टिकूने एवढं काम उरकलं होतं. ‘‘ओरडत नाहीस त्याला?’’ दुसरी म्हणाली.

ओरडत होते ना. चांगली तीन वर्षं ओरडले. त्याचीच ही गोष्ट.

टिकू म्हणजे कॉकटील, आपल्याकडे दुकानात ज्याला सरसकट ‘कॉकटेल’ म्हणतात तो. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालावर केशरी टिकली. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पोपटांच्या मोठ्या कुळातलाच. 2019 मध्ये मुलाने अकरावीत असताना हट्टाने आणला. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि पक्ष्याची चंगळ झाली. घर दिवसभर भरलेलं, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर स्वारी. त्या काळात त्याने काय काय कुरतडलं! कालनिर्णयचा कोपरा, दाराची चौकट, माझ्या चष्म्याची दोरी, सासूबाईंच्या पोथीची कड. पोथीवरून तर घरात रामायण झालं. मी नीटनेटकेपणाची भोक्ती, त्यामुळे प्रत्येक वेळी ‘‘हूं! नाही!’’ असं ओरडून त्याला पिंजऱ्यात टाकायचं हा माझा ठरलेला उपाय. पिंजऱ्यात मात्र सगळी टिकाऊ खेळणी. प्लॅस्टिकचा झोपाळा, आरसा, घंटा, रंगीत कड्यांची साखळी. मी मुद्दाम न तुटणारी, धुऊन पुन्हा लावता येतील अशीच आणली होती. आपल्याला सवयच आहे ना, वस्तू घेतली की ती टिकली पाहिजे!

मग 2022 आलं. मुलगा शिक्षणासाठी बेंगळुरूला गेला, ह्यांचं ऑफिस पूर्ववत सुरू झालं, माझी मंडळाची कामं पुन्हा मागे लागली. टिकू पिंजऱ्यात. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की त्याच्या छातीवरची पिसं विरळ झाली आहेत. आधी वाटलं, पिसं गळायचा हंगाम असेल. मग एका दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मान खाली घालून एकेक पीस तो स्वतःच उपटत होता. शांतपणे, एखादी बाई गवार निवडते तसा.

पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी सगळं तपासलं, कातडी, विष्ठा, वजन. हे मी मुद्दाम सांगते, कारण पिसं उपटण्यामागे आजार असू शकतो, आहारातली कमतरता असू शकते. घरबसल्या निदान करू नये. टिकूच्या अंगात काही सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘हा दिवसभर काय करतो?’’ मी अभिमानाने म्हटलं, ‘‘काहीच करावं लागत नाही त्याला. सगळं वेळेवर जागच्या जागी मिळतं.’’ डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘‘तेच झालंय.’’

घरी येऊन मी वाचायला लागले. बी.ए. मराठीची मी, प्राणिशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीतच संपलेला. पण वाचत गेले तशी माझी मलाच लाज वाटत गेली. पोपटाची चोच म्हणजे त्याचा तिसरा हात. तिने तो चढतो, सोलतो, फोडतो, चाचपून बघतो. ती आपल्या नखांसारखी आयुष्यभर वाढत राहते आणि वापरानेच झिजते. रानात बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत घरटं करतात आणि ती ढोली चोचीनेच कोरून मोठी करून घेतात. दिवसाचे कित्येक तास दाणे-फळं शोधण्यात आणि सोलण्यात जातात. आपल्या पुण्यात चिंचेच्या झाडावर राघूंचा थवा उतरला की बघा. एक शेंग धड पूर्ण खातील तर शपथ. कुरतडतात, टाकतात, दुसरी धरतात. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही नासाडी, आणि त्यांचं काही चूक नाही. पण त्या पाखराचा दिवस त्यातच भरतो. घरात हेच पाखरू वाटीतले दाणे थोड्या वेळात संपवतं. उरलेला सगळा दिवस त्या चोचीने करायचं काय? समोर फाडायला काहीच नसलं, तर फाडता येण्याजोगं एकच उरतं, स्वतःचं अंग.

हे माझं भावनिक बोलणं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात ॲमेझॉन पोपटांच्या पिल्लांवर केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. काही पिल्लांना साधे पिंजरे दिले. काहींना असे, की खाणं मिळवायला कुरतडावं, उकरावं, खटपट करावी लागेल. साध्या पिंजऱ्यांतली पिल्लं पिसं उपटायला लागली. पुढे त्यांनाही खटपटीची सोय करून दिली, तेव्हा त्यांची पिसं सुधारली.

आणि तो ॲलेक्स! आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेचा आफ्रिकन ग्रे पोपट, 1977 मध्ये शिकागोच्या एका दुकानातून आणलेला. 2007 मध्ये गेला, तोवर जगभर नाव कमावून. रंग, आकार, वस्तू ओळखून तो इंग्रजीत नावं सांगायचा. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडली. बरोबर उत्तराला त्याला ओळखलेली वस्तूच बक्षीस म्हणून मिळायची. लाकूड म्हटलं की लाकडाचा तुकडा, कागद म्हटलं की कागद. तो घ्यायचा आणि चावायचा. एवढ्या हुशार पक्ष्यालाही बक्षीस म्हणून चावायला लाकूड पुरत होतं!

माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘‘आमच्या लव्हबर्ड्सना कुठे लागतं असलं काही?’’ तिच्याकडचे ते छोटे हिरवे-निळे पक्षी म्हणजे बजरीगार, तेही ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या गुलाबी चेहऱ्याच्या जातीची मादी कागदाच्या लांब पट्ट्या कातरते आणि चक्क शेपटीवरच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. आपण कमरेला किल्ल्या खोचतो तशी. पण नाव काहीही असो, चोच बाकदार असली की ती कामाला लागणारच.

दुकानात लाकडी ठोकळ्यांची खेळणी मिळतात, पण किमती बघून वाटतं हे पोपटाने नव्हे, सोनाराने बनवलं असावं. शिवाय ते फुटायलाच हवं, म्हणजे दर आठवड्याला नवीन. मला मग मंडईतली पत्रावळ आठवली. पळसाच्या पानांचे, चोयांनी टाचलेले द्रोण. यंत्रावर दाबलेले आणि प्लॅस्टिकचा थर दिलेले नकोत. डॉक्टरांना विचारून घेतलं, द्रोणात चार दाणे टाकले, वर दुसरा द्रोण पालथा घातला आणि टांगला. बुरूड आळीतून वेताच्या इवल्या टोपल्या आणल्या. सालांसकट मक्याचं कणीस, मटाराच्या शेंगा, स्वच्छ धुतलेली कोथिंबिरीची अख्खी जुडी उलटी टांगलेली, नारळाची शेंडी, न रंगवलेल्या पुठ्ठ्याचे डबे, कडुलिंबाची फांदी. सगळं मिळून खर्च किती? भाजीच्या पिशवीत दिसूनही येत नाही.

काय देऊ नये, हेही सांगायला हवं. स्टेपलरच्या पिना आधी काढा. जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि शिशाचा अंश असलेले जुने रंग विषारी असतात. सुती दोरीचे धागे गिळले तर अन्नपिशवीत गोळा होतो. कण्हेरीची काडी चुकूनही नको. आणि जाता जाता, नॉनस्टिक तवा कोरडा तापवत ठेवू नका. त्याचा जो धूर आपल्याला जाणवतही नाही, त्याने पक्षी मिनिटांत मरू शकतो. आमच्याकडे तेव्हापासून पुन्हा बिडाचा तवा आला. डोसे तर जास्तच चांगले होतात.

एवढं करून पहिला द्रोण टांगला, तर महाशय घाबरून कोपऱ्यात! नवीन वस्तू म्हणजे शत्रू, अशी यांची समजूत. चार दिवस तो द्रोण मी पिंजऱ्याबाहेर नुसता ठेवला, येता-जाता त्याच्यासमोर थोडा फाडला. पाचव्या दिवशी एक टोक तोडलं, थांबला, तुरा उभारून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक ओरडण्याची वाट बघत होता. मी ओरडले नाही. मग जो सुटला!

पिसं हळूहळू परत आली. छातीच्या मध्यावर एक रुपयाएवढी जागा मात्र उघडीच राहिली आहे. वारंवार उपटलं की पिसाचं मूळच दुखावतं, म्हणाले डॉक्टर. तो डाग माझ्या नावावर.

माझं स्पष्ट मत आहे, फाडण्याचा पसारा ज्यांना चालणार नाही, त्यांनी पोपटाच्या कुळातला पक्षी आणूच नये. मासे पाळावेत. आणि आपले राघू-मिठू तर अजिबातच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. तरी गोल लोखंडी पिंजऱ्यात, एक पेरू नि एक मिरची देऊन टांगलेला मिठू अजून किती गॅलऱ्यांत दिसतो. ‘‘विठू विठू म्हणतो हो किती गोड!’’ करायला दुसरं काही नसेल, तर म्हणणारच. असा पोपट असेल तर एकदम सोडूही नका, पंख कातरलेला पक्षी मांजर-कावळ्यांच्या तोंडी जातो. वनखात्याला कळवा. परदेशी पक्ष्यांपैकी आफ्रिकन ग्रे, मकाव असल्यांची नोंदणी 2022 च्या दुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे, तेही बघून घ्या.

आता सासूबाईंबद्दल. त्याच वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. वय एक्क्याऐंशी. ‘‘आई, तुम्ही फक्त आराम करा,’’ असं म्हणत आम्ही त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. भाजी निवडणं, वाती वळणं, देवाची भांडी. प्रेमानेच हो. मी आठवड्यातून दोनदा एका वृद्धाश्रमात जाते, तिथल्या आज्यांना कामाला लावा म्हणून व्यवस्थापनाशी भांडते, आणि घरात हे. डॉक्टरकडून आलो त्या आठवड्यात मी पाहिलं, आई शालीच्या दशा एकेक करून ओढत बसल्या होत्या. मांडीवर धाग्यांचा छोटा ढीग.

मी काही बोलले नाही. पळसाची सुटी पानं आणि चोया आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांचं माहेर कोकणात, लहानपणी पंगतीसाठी शेकड्याने पत्रावळी लावलेल्या. बोटं पहिले दोन दिवस अडखळली, मग आठवलं त्यांना. आता टिकूचे द्रोण त्या लावतात. तो दहा मिनिटांत फाडतो. ‘‘मेल्याने एवढं नक्षीदार केलेलं फाडलंन् गो!’’ म्हणतात आणि पुढचं पान उचलतात. मी म्हटलं, आई, जरा साधेच करा, फाडायचेच तर आहेत. तर मलाच म्हणाल्या, ‘‘तुझी पोळी तरी कुठे टिकते?’’

भिशीच्या बायकांना हे सगळं सांगत होते, तेवढ्यात आतून हाक आली, ‘‘पानं संपली गो, उद्या मंडईत गेलीस तर आण.’’