माहीमची खाडी आणि अवाबाईंचा सेतु

आमच्या किनवटास समुद्र नाहीं. आहे ती पैनगंगा. तथापि गेल्या माघांत मुंबईस पुतण्याच्या बिऱ्हाडीं महिनाभर राहण्याचा योग आला. बिऱ्हाड माहिमास, म्हणून त्या लहानशा स्थळाविषयीं जें कळलें तें वाचकांस सादर करितों. सरकारी हिशोबानें माहीम शहरांत मोडतें व उपनगर खाडीपलीकडे, वांद्र्यापासून सुरू होतें. परंतु पहाटे कोळ्यांच्या होड्या पाहतांना तो हिशोब ध्यानांत राहत नाहीं.

मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं हें उत्तरेकडील एक. पश्चिमेस उपसागर, उत्तरेस मिठी नदीचें मुख, पलीकडे साष्टी. राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या बखरींतील महिकावती ती हीच, असें कित्येक मानितात; दुसरे केळवें-माहिमाचा पक्ष घेतात. 'महिकावती' पासून 'माहीम' शब्द साधण्याचा मोह आम्हांसही झाला. पण शब्द साधला तरी वाद सुटत नाहीं, कारण दोन्ही गांवांचें नांव एकच! कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) मात्र निःसंशय येथले. त्यांचा दर्गा आजही गजबजलेला असतो. भाष्यकाराच्या समाधीस एवढी गर्दी पाहून आमच्यासारख्या जुन्या पंतोजीस धन्यता वाटली. पुढें पोर्तुगीजांनीं मुंबई आंदणांत दिली, तेव्हां तींत माहीम येतें कीं नाहीं यावर तंटा झाला, आणि १६६५ सालीं इंग्रजांनीं तें ताब्यांत घेऊन तो मिटविला. तेथील किल्ल्याच्या भिंतीस आतां लाटा झोंबतात.

परंतु आमचें मन गुंतलें तें खाडीपाशीं. माहिमाहून वांद्र्यास जावयाचें तर पूर्वीं नावेंतून उतरावें लागे, व पावसाळ्यांत तें जिवावरचें काम. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं सेतूसाठीं दीड लक्ष रुपयांहून अधिक रक्कम दिली. अट एकच: जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घेऊं नये. १८४५ सालीं तो सेतु खुला झाला; लोक त्यास कॉजवे म्हणतात.

या अटीचें मोल आम्हांस कां वाटावें? मातोश्रींचें माहेर पैनगंगेच्या पैलतीरीं. एका श्रावणांत आजोबा अत्यवस्थ असल्याची तार आली. नदी दुथडी भरलेली. नावाडी नाव घालीना. तीन दिवस मातोश्री घाटावर जात, पैलतीराकडे पाहत आणि परत येऊन मुकाट्यानें चुलीपाशीं बसत. चवथ्या दिवशीं उतार मिळाला, तेव्हां आजोबा राहिले नव्हते.

२००९ सालीं याच उपसागरावरून वांद्रें-वरळी सागरी सेतु झाला व त्यावर टोल बसला. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पुलास पैसा लागतोच. नवल वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. माहिमांतील मोठ्या रस्त्यास या बाईंच्या स्मरणार्थ 'लेडी जमशेटजी' हें नांव आहे, आणि त्याचीही बोलतांना 'एल. जे. रोड' अशी वाट लागली आहे. पतीचें नांव अर्धें उरलें, बाईंचें मुळींच नाहीं. पुतण्या वीस वर्षें त्या रस्त्यानें कचेरींत जातो. 'लेडी' म्हणजे कोण, हें त्यानें आम्हांसच विचारिलें. निघण्याच्या आदल्या सायंकाळीं त्याच्या धाकट्या कन्येस घेऊन आम्ही तो सेतु पायीं ओलांडला. अवाबाई हें नांव तिनें वाटेंत दोनदां विचारून घेतलें.